एक्सपाथमध्ये वरचा नेमका हवा तोच पूर्वज कसा पकडायचा?

तुमची अडचण अशी: पत्त्यांच्या एक्सएमएल फायलीत (एकात एक टॅग असलेली फाईल) एक्सपाथने, म्हणजे तिच्यातला हवा तो भाग शोधायच्या भाषेने, घर सापडतं, पण तिथून वर चढून सेक्टर गाठायला ../../ अशी टिंबं मोजावी लागतात, आणि एखाद्या पत्त्यात पातळी कमीजास्त असली की भलतंच हाती येतं.

टिंबं सोडा, 'ॲन्सेस्टर' ॲक्सिस वापरा. ॲक्सिस म्हणजे शोधायची दिशा; ही वरची, पूर्वजांकडे, म्हणजे ज्या टॅगांच्या पोटात घर आहे त्यांच्याकडे नेणारी. १९९९ च्या एक्सपाथ १.० पासून आहे, ब्राउझरमध्येही चालतो.

मी महापेला पत्त्यांच्याच डेटावर काम करतो. नवी मुंबईचा पत्ता म्हणजे उतरंड. आमच्या फायलीत तर सगळ्या मडक्यांना एकच टॅग:

<विभाग प्रकार="शहर" नाव="नवी मुंबई">
<विभाग प्रकार="नोड" नाव="ऐरोली">
<विभाग प्रकार="सेक्टर" नाव="८">
<विभाग प्रकार="प्लॉट">
<घर क्रमांक="४०३"/>

(नोड म्हणजे नवी मुंबईतलं एकेक उपनगर. बंद करणारे टॅग गाळलेत. देवनागरी टॅग एक्सएमएलला चालतात. ॲक्सिसचं नाव आणि चौकटी कंसातला सुटा आकडा मात्र रोमनमध्येच टाइप करा.)

//घर[@क्रमांक='४०३']/ॲन्सेस्टर::विभाग[@प्रकार='सेक्टर'][१]

हा ॲक्सिस खालून वर मोजतो, म्हणून [१] म्हणजे सगळ्यात जवळचा. आता अटींची अदलाबदल करून [१][@प्रकार='सेक्टर'] लिहा. आधी जवळचा विभाग उचलला जातो, तो निघतो प्लॉट, मग विचारलं जातं की हा सेक्टर आहे का. नाही. उत्तर रिकामं, आणि एररही नाही! निम्मे लोक इथेच अडकतात.

मी अडकलो ते गोल कंसात. घरावर उभं राहून (ॲन्सेस्टर::विभाग)[१] लिहिलं. गोल कंस घातला की मोजणी फायलीतल्या क्रमाने, म्हणजे वरून होते, आणि पहिला येतो तो शहर. रिपोर्टमध्ये झाडून सगळे ग्राहक एकाच विभागात, 'नवी मुंबई'! कोपरखैरणेहून ठाण्याची गाडी पकडली, तेव्हा रबाळ्याला कुठे डोक्यात प्रकाश पडला.

वर चढायचंच नसेल तर वरून खाली डोकावा:

//विभाग[@प्रकार='सेक्टर'][.//घर[@क्रमांक='४०३']]

मला वाचायला हेच सोपं वाटतं. फक्त ४०३ नंबरचं घर इमारतीगणिक असतं, तेव्हा खऱ्या फायलीत एकमेव असा आयडी घ्या.

एवढं करूनही काहीच सापडलं नाही, तर मुळाच्या टॅगवर एक्सएमएलएनएस, म्हणजे टॅगांची नावं कुठल्या गटातली (नेमस्पेस) ते सांगणारी नोंद, लिहिलंय का बघा. असेल तर त्या नेमस्पेसला कोडमध्ये एखादा प्रीफिक्स (नावाआधी लावायचं छोटं उपनाव) बांधून तो विभाग आणि घर, दोन्हींच्या आधी लावावा लागेल.