मेश बारीक केली की मोमेंट वाढतो, खरा कोणता?

प्रश्न : मी पुण्यात कर्वे रस्त्यावरील एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या कार्यालयात दोन वर्षे काम करतो आहे. बाणेर येथील व्यापारी इमारतीचा फ्लॅट स्लॅब (बीमशिवाय थेट कॉलमवर टेकलेला) मी फायनाईट एलिमेंट सॉफ्टवेअरवर, म्हणजे स्लॅबचे लहान तुकडे पाडून गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तपासला. ८ मीटर बाय ८ मीटरची समान पॅनेल, २५० मि.मी. जाडीचा स्लॅब, ६०० मि.मी. चौरस कॉलम, ड्रॉप (कॉलमभोवती स्लॅबची वाढवलेली जाडी) नाही, काँक्रीट एम ३० दर्जाचे आणि फॅक्टर्ड (सुरक्षा गुणक लावलेला) भार प्रति चौरस मीटर १७.६ किलोन्यूटन. मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, १ मीटरची ठेवली तेव्हा आतल्या कॉलमवरचा ऋण मोमेंट (स्लॅब वाकवून त्याची वरची बाजू ताणणारा) प्रतिमीटर सुमारे २१० किलोन्यूटन-मीटर आला, अर्ध्या मीटरला २८५ आणि पाव मीटरला ३६०. आमचे साहेब म्हणतात, "१ मीटरचीच ठेव, जास्त खोलात जाऊ नकोस." सळया कोणत्या आकड्यावर काढाव्यात?

उत्तर : तिन्हींपैकी एकाही नाही. आपलेच आकडे पुन्हा पाहावेत. मेश अर्धी झाली की दर वेळी सुमारे ७५ ची भर पडते आहे आणि ती पुढेही पडतच राहील, कारण आपण कॉलम एका नोडवर, म्हणजे मेशच्या एका बिंदूवर, टेकवला आहे. क्षेत्रफळ नसलेल्या बिंदूवर साधारण ११३० किलोन्यूटनची प्रतिक्रिया टेकवली, तर प्लेटच्या गणितात तेथील मोमेंट अनंताकडे जातो. सॉफ्टवेअर चुकलेले नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते प्रामाणिक उत्तर देत आहे. पॅनेलच्या मध्यावरचा मोमेंट आणि डिफ्लेक्शन (स्लॅबचा झोल) मात्र मेश बदलूनही फारसे हलत नाहीत, हे आपण स्वतः ताडून पाहावे.

प्रत्यक्षात स्लॅब ६०० मि.मी. रुंदीच्या काँक्रीटवर बसतो. म्हणून मोमेंट कॉलमच्या कडेवर वाचावा आणि कॉलम स्ट्रिपच्या (कॉलमच्या रांगेवरील स्लॅबच्या पट्ट्याच्या), म्हणजे येथे ४ मीटरच्या, रुंदीवर त्याची सरासरी घ्यावी. ही सरासरी पटण्याजोगी आहे का, हे कागदावर दहा मिनिटांत कळते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे निव्वळ स्पॅन (कॉलमच्या कडांमधील अंतर) ७.४ मीटर धरला, तर पॅनेलवरचा भार सुमारे १०४२ किलोन्यूटन आणि एकूण मोमेंट सुमारे ९६४ किलोन्यूटन-मीटर येतो. त्याचे ६५ टक्के ऋण, त्यातले ७५ टक्के कॉलम स्ट्रिपला, म्हणजे ४७०. ४ मीटरने भागल्यावर प्रतिमीटर सुमारे ११७. सॉफ्टवेअरची सरासरी याच्या आसपास हवी. ती ६० किंवा २०० आली, तर आधी मॉडेलमधील भार आणि आधार तपासावेत. या स्ट्रिपमधील सळया कॉलमच्या डोक्याशी अधिक दाट बसवणे इष्ट.

साहेबांचा सल्ला येथे योगायोगाने सुरक्षित बाजूला पडतो, पण जाड मेश नेहमीच अशी मेहेरबान नसते. नॉर्वेतील स्ताव्हांगरजवळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान बुडाला. त्याच्या भिंतींच्या सांध्याजवळील एलिमेंट नीट आखलेले नव्हते आणि तेथील शिअर (कातरणारा ताण) सुमारे ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. अपघातानंतर अधिक काळजीपूर्वक केलेल्या फायनाईट एलिमेंट हिशेबात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे आले. ती फुटली ६५ मीटरवर. हा हिशेब आधी कुणी केला असता तर, असे राहून राहून वाटते.

आता आपण न विचारलेली, पण माझ्या मते अधिक निकडीची गोष्ट. मोमेंटच्या रंगीत नकाशात पंचिंग शिअर, म्हणजे कॉलम स्लॅबला भोक पाडून आरपार जाण्याचा धोका, दिसत नाही. स्लॅबची प्रभावी खोली (इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे खालच्या कडेपासून वरच्या सळयांपर्यंतचे अंतर) २१० मि.मी. धरली, तर कॉलमच्या कडेपासून १०५ मि.मी. अंतरावरची परिमिती ३,२४० मि.मी. होते आणि तेथील ताण प्रति चौरस मि.मी. सुमारे १.६४ न्यूटन येतो. कॉलमकडे जाणारा असमतोल मोमेंट त्यात धरलेला नाही. एम ३० साठी शिअर सळयांवाचून मर्यादा सुमारे १.३७ आहे. म्हणजे आपला स्लॅब वरच्या सळया कितीही भरल्या तरी आहे तसा पास होत नाही. शिअर सळया घालाव्या लागतील, ड्रॉप द्यावा लागेल किंवा जाडी वाढवावी लागेल. आर्किटेक्टशी हे बोलणे सेंटरिंग लागण्यापूर्वी व्हावे.