आजोबांची खुर्ची

"ताई, ही रात्र रात्र जागते आणि सकाळी शीट कोरीच," खुर्चीत टेकायच्या आधीच आईने सांगितलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं कुटुंब. मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. प्रोजेक्ट सार्वजनिक ग्रंथालयाचा, ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडणं, सोळा दिवसांवर. "हे क्षेत्र हिला झेपणारं नाही का हो?" मी समुपदेशक; हा प्रश्न मला दर सबमिशनच्या आधी कुणीतरी विचारतंच. ज्युरी तोंडावर असताना तो निर्णय मी कुणालाच घेऊ देत नाही. आईला बाहेर बसवलं.

"कॉन्सेप्टच सुचत नाही." वर्गात कुणाचं ग्रंथालय उघड्या पुस्तकासारखं, कुणाचं वडासारखं. हिच्या वहीत अठरा सुरुवाती, अठराही खोडलेल्या.

अशा वेळी झोप आणि जेवण विचारते, जगणं नकोसं वाटतं का हेही आडपडदा न ठेवता विचारते. तसं काही नव्हतं. झोप मात्र जेमतेम तीन तास. पहिल्या भेटीत एवढंच ठरलं: बारानंतर पेन्सिल खाली.

दुसऱ्यांदा आली तेव्हा विचारलं, "वाचायला म्हणून ग्रंथालयात शेवटची कधी बसलीस?" गप्प. बडोद्यात राहून! सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून जिथे ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्या गावात. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. हे तिने स्लाइडवर पाहिलं होतं. म्हटलं, दोन दुपारी कुठल्याही वाचनालयात जाऊन बस. स्केचबुक घरी. नुसती माणसं बघ.

परतली ती बोलतच. पेपर वाचणारे आजोबा दाराजवळचीच खुर्ची धरतात. स्पर्धा परीक्षेची मुलं प्लगपाशी. ऊन सरकलं की खुर्च्या सरकतात. "पुस्तकांना ऊन नको, आणि त्यांचं वजन केवढं! रॅक आत, तळमजल्यावर. माणसं उत्तरेच्या खिडक्यांशी." मला त्यातलं कळतं थोडंच, पण बोलता बोलता तिचं बोट माझ्या टेबलावर प्लॅन काढत होतं.

मग रोज वीस मिनिटं, गजर लावून, मुद्दाम वाईट प्लॅन. खोडरबर आईकडे जमा.

ज्युरीनंतर फोन आला. जिन्यावरून बरंच ऐकावं लागलं होतं. "चुकलाच होता ताई, खरंच. पण आजोबांच्या खुर्चीला कुणी हात लावला नाही."