ध्रुवांजवळचा समुद्री बर्फ घटल्यास तिथले सागरी प्रवाह मंदावतात का?

खोल पाण्याचे अभिसरण मंदावण्याकडे कल असतो. पृष्ठभागावरचे प्रवाह मात्र उलट जोर धरू शकतात. पुण्यात समुद्रविज्ञान शिकवताना हा फरक मी नेहमी आधी स्पष्ट करतो. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते तेव्हा बरेचसे मीठ बर्फात न अडकता खालच्या पाण्यात उतरते, आणि असे थंड, खारट, म्हणून जड झालेले पाणी अंटार्क्टिकाच्या वेडेल व रॉस समुद्रांतील उथळ भागांतून उतारावरून घसरत ४,००० मीटरहून खोल जाऊन हिंदी महासागराच्या तळापर्यंत पसरते. नवा बर्फ कमी तयार झाला की हे जड पाणीही कमी बनते. आर्क्टिकमध्ये बर्फाचे झाकण विरळ झाल्याने वारा पाण्याला थेट ढकलतो. ब्युफोर्ट समुद्रातला चक्राकार प्रवाह त्यामुळे बळावल्याचे निरीक्षणांत दिसले आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २०२३ मध्ये विक्रमी कमी झाला असला, तरी केवळ क्षेत्रफळावरून निष्कर्ष काढू नये, कारण हिवाळ्यात किनाऱ्यालगतच्या उघड्या पाण्यात किती नवा बर्फ तयार होतो आणि हिमनद्यांचे किती गोडे पाणी मिसळते, यांवर बरेच काही अवलंबून असते.