हरकत नेमकी कशाला आहे?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षी 68 टक्के. पॉलिमरच्या पातळ फिल्ममध्ये धातूचे आयन (विद्युतभार असलेले अणू) रोवायचे आणि त्या फिल्मचे चुंबकीय गुणधर्म मोजायचे, हा तिचा प्रोजेक्ट. पुढे यातच पीएचडी करायची म्हणते. वडिलांना यात नोकरी दिसत नाही. बँकेच्या परीक्षांच्या क्लासची फी त्यांनी भरून टाकली आहे. ‘तिला तुम्ही समजवा,’ असं ते लिहितात.

सस्नेह नमस्कार.

टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती पत्रात मधेच येऊन गेलेल्या एका वाक्याची. नमुन्यांवर आयनांचा मारा करायला गाइडचा गट दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरला जाणार आहे, त्यात तिचंही नाव होतं, आणि ‘रात्रपाळी असते म्हणे, म्हणून आम्ही नाव काढायला लावलं.’ पुढच्याच ओळीत तुम्ही क्लासच्या फीवर गेलात. मी मात्र तिथेच थांबले.

बीम टाइम, म्हणजे तिथल्या यंत्रातून येणारा आयनांचा झोत वापरायची वेळ, मागून लगेच मिळत नाही. प्रस्ताव लिहायचा, तज्ज्ञांची समिती तो तपासते, मंजूर झाला तरी नंबर लागायची वाट बघायची. एकदा बीम मिळाला की यंत्र दिवसरात्र चालतं, म्हणून पाळ्या. रात्रपाळी म्हणजे स्क्रीनसमोर बसून बीमचा करंट वाढत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. तो वाढला तर प्लास्टिक तापतं, फिल्म आकसते आणि नमुना वाया जातो. सोबत कोण असेल, मुक्काम कुठे, हे प्रश्न बापाने विचारायलाच हवेत. पण ते तुम्ही विचारलेच नाहीत. थेट नाव काढायला लावलंत. तिचा भाऊ पुण्यात आयटीत रात्रपाळी करतो, हे याच पत्रात तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे. तेव्हा हरकत रात्रीला आहे की मुलीने स्वतः काही ठरवण्याला, हे आधी स्वतःला विचारा. मला हे फार लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

दुसरं, ‘प्लास्टिकमध्ये लोखंडाचा कीस मिसळला की झालं चुंबक, त्यात काय पीएचडी?’ असं तुम्ही विचारता. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीत चुंबकीय भुकटी मिसळलेली असते, हे खरं. पण तुमच्या मुलीचं काम ते नव्हे. समजा लोखंडाचे किंवा कोबाल्टचे आयन सुमारे 40 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिल्मवर सोडले. ते जेमतेम पन्नासेक नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आत जातात. केसाची जाडी याच्या हजारपटीहून जास्त. मारा थोडा असेल तर अणू सुटेसुटे राहतात आणि फिल्म चुंबक होत नाही. तो वाढला की अणू एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे कण बनतात. हे कण इतके लहान, की खोलीच्या तापमानाला उष्णतेनेच त्यांची चुंबकीय दिशा सतत पलटत राहते; फिल्म थंड केली की ती गोठते आणि हिस्टेरिसिसचा लूप उघडतो, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढलं तरी फिल्ममध्ये चुंबकत्व उरतं. मारा आणखी वाढवला तर कण एकमेकांना भिडतात आणि पृष्ठभागालगत सलग चुंबकीय थर तयार होऊ लागतो. दरम्यान पॉलिमरमधला हायड्रोजन निघून जातो, कार्बन उरतो, फिल्म काळपटते. म्हणजे तेच लोखंड, तेच प्लास्टिक, आणि वागणं तीन तऱ्हांचं. रशियात कझान इथे या विषयावर बरंच काम झालं आहे. 1944 मध्ये येव्गेनी झावोइस्की यांनी इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स (पदार्थातल्या सुट्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व तपासायची पद्धत ज्यावर उभी आहे ती घटना) शोधला, तो याच शहरात.

एक बारीक गोष्ट सांगते. हा नमुना स्टीलच्या चिमट्याने उचलायचा नसतो. चिमट्याचे न दिसणारे कण फिल्मला चिकटले, तर मॅग्नेटोमीटर त्यांचंच चुंबकत्व दाखवतो आणि माणूस शोध लागला म्हणून नाचतो. म्हणून प्लास्टिकचा चिमटा वापरायचा, कोऱ्या फिल्मचं मापन आधी घ्यायचं आणि ते वजा करायचं. ही शिस्त जिच्या हातात बसते, तिला कुठलीही चांगली प्रयोगशाळा घेईल.

आता नोकरी. चिप बनवताना सिलिकॉनमध्ये बोरॉन, फॉस्फरस घालतात, तेही आयन रोवूनच. व्हॅक्यूम, बीम, मापन हे कौशल्य तिथे लागतं. पण खोटी आशा दाखवणार नाही: साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प जोडणी आणि चाचणीचा आहे, हे काम तिथे नाही, ते धोलेऱ्यासारख्या फॅबमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चिप घडवणाऱ्या कारखान्यात असतं. चुंबकीय पॉलिमर फिल्मवर उभा असलेला कारखाना मला तरी दाखवता येणार नाही. पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात, आणि गाइड चुकला तर ती फार जड जातात. नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट या परीक्षांचे रस्ते तिला माहीत असणारच; जेआरएफ या संशोधनवृत्तीत महिना 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो.

तिला मी समजवणार नाही. पीएचडी की बँक, हे तिने प्रोजेक्ट संपल्यावर ठरवावं; हाताने काम केल्याशिवाय ते तिलाही कळणार नाही. बँकेच्या परीक्षा पुढच्या वर्षीही असतील. दिल्लीची तारीख अजून गेलेली नसेल, तर आजच गाइडना फोन करा, मनातल्या सगळ्या शंका विचारा, आणि तिचं नाव परत घालायला सांगा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.