कार्टून तेच, मग मला काहीच का वाटलं नाही?

“या वयात कार्टून बघतो, हे ठीक आहे ना?” असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना मी फार वेळ देत नाही. झोप, काम आणि घरची माणसं सांभाळून बघत असाल तर खुशाल बघा. याच्या नेमकी उलटी तक्रार घेऊन मात्र एक गृहस्थ आले होते. चाळिशीचे, वरकरणी सगळं सुरळीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

लहानपणी जीव ओवाळून टाकावा अशी आवडलेली एक जादूची मालिका त्यांना ऑनलाइन सापडली. घरचे झोपल्यावर त्यांनी ती लावली, तीन-चार भाग पाहिले आणि घाबरून बंद केली. “मॅडम, आठवडाभर जिची वाट बघायचो, तिच्यासमोर मी दगडासारखा बसून होतो. माझ्यातलं काहीतरी मेलंय का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कशातच रस न वाटणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक. म्हणून आधी तेच तपासलं. दिवसातला बराचसा वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे तरी असं वाटतंय का? झोप, भूक कशी आहे? मुलीशी खेळताना हसू येतं का? येत होतं. रविवारचं बॅडमिंटन चुकलं तर चुटपुट लागत होती. ऑफिसच्या नावाने मात्र चेहरा पडला. ते मी टिपून ठेवलं.

मग मालिकेकडे वळलो. टीव्हीसाठी कमी पैशांत, घाईने काढलेल्या त्या काळच्या अनेक कार्टूनमध्ये तीच धावणारी चित्रं पुन्हा पुन्हा वापरलेली असत. नायकाचं रूप बदलण्याचा प्रसंग दर भागात तोच, आणि मागे तेच झाड तीनदा सरकून जायचं. लहान मुलाला हे खटकत नाही. पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असण्यात त्याला उलट मजा वाटते. मोठ्या माणसाची नजर मात्र पहिल्या पाच मिनिटांत जोडकाम पकडते. यात मन कोरडं पडल्याचा पुरावा कुठे आहे? शिवाय हे गृहस्थ “काही वाटतंय का?” अशी दर मिनिटाला स्वतःची नाडी बघत बसले होते. अशा पहाऱ्यात आनंद फिरकत नाही.

“सगळ्यात लख्ख काय आठवतं?” मी विचारलं. तुटलेल्या पुलावरून दोन मुलांना पाठीवर घेऊन जाणारा ड्रॅगन, ते म्हणाले. तो भाग त्यांनी शोधला, सापडला नाही. मी म्हटलं, लहानपणी सोबत असलेल्या तुमच्या ताईला फोन करून बघा. पुढच्या भेटीत ते जरा चक्रावूनच आले. तो प्रसंग मालिकेत नव्हताच! उलटी केलेली खाट, वरून चादर आणि ड्रॅगन म्हणजे खुद्द ताई. खेळातला प्रसंग आठवणीत मालिकेच्या खात्यावर जमा झाला होता. असं होतं. आठवण म्हणजे जपून ठेवलेली चित्रफीत नव्हे. आठवताना आपण ती दर वेळी नव्याने रचतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिलं होतं.

साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये लोकांकडून जुन्या हळव्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत प्रामुख्याने जवळची माणसंच होती. मन उदास असताना, एकटं वाटत असताना अशा आठवणी जास्त येतात, असंही त्यात दिसलं. हे गृहस्थ दमून-भागून, मध्यरात्री, एकटेच मालिका बघायला बसले होते. आणि बहिणीशी त्यांचं बोलणं सणावारापुरतंच उरलं होतं.

उरलेले भाग बघा किंवा बघू नका, असं मी काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की मन जिवंत आहे का याची परीक्षा म्हणून बघू नका. त्यांनी पुढे पाहिले नाहीत. ताईला मात्र अधूनमधून फोन होऊ लागला, त्यात खाट कुणी मोडली यावरून वादही झाला. त्यानंतरच्या भेटींत कार्टूनचा विषय निघाला नाही. आम्ही ऑफिसबद्दल बोललो, आणि त्यालाच बरेच महिने लागले.