पहिल्यांदाच जंगलात तंबू लावून राहायचं असेल तर सोबत काय न्यावं?

आधी तिथे मुक्कामाची आणि शेकोटीची परवानगी आहे का ते बघा. मग सामान.

सगळे पैसे तंबूवर घालू नका. रात्री थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नाही आणि जमीन ऊब ओढून घेते. त्यामुळे चांगली मॅट आधी. बॅगेवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ अशी दोन तापमानं दिलेली असतात, त्यातलं कम्फर्टचं धरा. (लिमिट म्हणजे मुटकुळं करून कशीबशी काढलेली रात्र.) झोपायचे कपडे आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा. दिवसा कितीही भिजलात तरी त्यांना हात लावायचा नाही.

हेडलॅम्प, जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचार, काडेपेटी, मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा हे तर हवंच. ओढ्याचं पाणी खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं.

उजेड असतानाच जागा गाठा आणि तंबू लावण्याआधी मान वर करून बघा. वाळकी फांदी लटकत असेल तर दुसरीकडे सरका. पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब राहा. शौचाला तेवढ्याच अंतरावर १५-२० सेंमी खोल खड्डा खणायचा, म्हणून छोटं खुरपं घ्याच. खाणं तंबूत ठेवू नका. टूथपेस्टसुद्धा नाही, वासाने प्राणी येतात. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी कुणाला तरी लिहून द्या.