आभाराच्या यादीआधी

नागपूर

प्रिय बेटा,

काल फोनवर तू विचारलंस, "मॅडम, गेल्या वर्षीचं आभाराचं भाषण आहे का कुणाकडे?" आहे, माझ्याकडेच आहे. पण पाठवणार नाही. त्यातली नावं बदलली की तुझं काम भागेल, आणि नेमकं तेच मला नको आहे.

आपल्या संघटनेच्या अधिवेशनाची शेवटची पाच मिनिटं, आभाराची, तुझ्या वाट्याला आली आहेत. तोवर लोक खुर्च्या सरकवायला लागलेले असतात, बाहेर जेवणाचा वास सुटलेला असतो. मग आभार मानणारा 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' म्हणून मोकळा होतो. आपल्या गावात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची आहे, मृदा सर्वेक्षणाचा ब्यूरो आहे. आपली माणसं दिवसभर अशा ठिकाणी नोकरी करतात आणि संघटनेचं काम रात्री नि रविवारी. त्याचा एक पैसा कुणाला मिळत नाही. अशा माणसाला 'अज्ञात' म्हणायचं?

म्हणून लिहायला बसू नकोस. आधी काम बघायला जा.

कोषाध्यक्षांपासून सुरुवात कर. ३१ मार्चला हिशेब बंद होतो, मग सहा महिन्यांच्या आत ऑडिट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो राहिला तर तिथल्या नोंदीत जुनीच नावं राहतात आणि बँकेत सह्या बदलताना अडतं. सभासदांना यातलं काहीच दिसत नाही, कारण सगळं वेळेवर होतं. मी एकदा संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा, त्यात पावत्या. कुणीतरी वर्गणीचे पाचशे रुपये मोबाईलवरून भरले होते, पण बँकेच्या उताऱ्यात नावाच्या जागी नुसते आकडे. त्या पाचशे रुपयांचा धनी शोधायला त्यांनी सात जणांना फोन केले. मी म्हटलं, राहू द्या, उद्या बघू. ते म्हणाले, "मी करून राहिलो न मॅडम, तुम्ही कायले टेन्शन घेता?" आठवा फोन लागला आणि पावती फाटली.

हे सांग व्यासपीठावरून. 'कोषाध्यक्षांनी अथक परिश्रम घेतले' हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पाचशे रुपये राहतील.

आपल्या नियतकालिकाच्या संपादकांचं काम तर आणखीच आडोशाचं. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी देशातल्या गणितप्रेमींना एकत्र करून मंडळ काढलं, तीच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. ते डेप्युटी कलेक्टर होते, म्हणजे पोट भरायचं ते महसूल खात्यावर. त्या सोसायटीच्या जर्नलमध्ये १९११ साली रामानुजनांचा पहिला शोधनिबंध आला. तेव्हा संपादक होते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले एम. टी. नारायण अय्यंगार. रामानुजनांचं लिहिणं इतकं त्रोटक आणि इतकं नव्या वळणाचं असे, की साधा वाचक अडखळला असता. अय्यंगारांनी हस्तलिखित नाकारलं नाही. वाचकाला कळेल असं होईपर्यंत ते परत पाठवलं, पुन्हा वाचलं. रामानुजन सगळ्यांना माहीत आहेत. तू मात्र आपल्या संपादकांना विचार, यंदा कुठला निबंध किती वेळा परत पाठवला. आपल्या नावाजलेल्या लेखकांपेक्षा गावाबाहेरच्या कॉलेजातल्या नवख्या मुलीचा निबंध त्यांनी जास्त वेळा वाचला असेल, माझी खात्री आहे.

आता माझी चूक सांगते. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेत आभाराचं काम माझ्याकडे होतं. कुलगुरू, पाहुणे, देणगीदार, मंडपवाले, सगळे घेतले. सभासद नोंदवही सांभाळणारे एक सर होते. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत प्रमाणपत्रांवरच्या नावांचे ऱ्हस्वदीर्घ तपासत बसलेले मी स्वतः त्यांना बघितलं होतं. त्यांचंच नाव राहिलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत कपाटाच्या किल्ल्या कागदात गुंडाळून टेबलावर ठेवल्या, म्हणाले, आता तब्येत साथ देत नाही. तीन महिन्यांत आमच्या लक्षात आलं, की कुणाची वर्गणी संपली आणि कुणाची चालू आहे हे सांगणारं कुणीच उरलेलं नाही. मी महाल भागातल्या त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, दोन तास नोंदवही समजावून सांगितली, एका शब्दानं बोल लावला नाही. मला तिथे माफी मागता आली नाही. घरी येऊन पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

शाल-श्रीफळ द्या, माझी ना नाही. पण निबंध तपासणाऱ्या तरुण प्राध्यापकाला शालीपेक्षा एका पत्राचा उपयोग जास्त. त्याच्या प्राचार्यांच्या नावे, संघटनेच्या लेटरहेडवर: यांनी यंदा अमुक इतके निबंध तपासले, अमुक सत्र सांभाळलं. आकडा नेमका घाल. अध्यक्षांची सही तू स्वतः जाऊन आण.

पद सोडून जाणाऱ्यांना आधी घे. नव्यांचे हार सुरू झाले की जुन्यांकडे कुणी बघत नाही. आणि पहाटे पाचला स्टेशनवर पाहुण्यांच्या नावाचा फलक धरून थंडीत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना 'स्वयंसेवक चमू' म्हणू नकोस. मुलांची नावं घे. आडनाव कसं उच्चारायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेव.

भाषण झालं की प्रत्येकाला एकट्यात गाठून विचार, यातलं कुठलं काम पुढच्या वर्षी मी उचलू? त्यांनी जे सांगितलं ते खरंच उचल.

रविवारी चारनंतर कोषाध्यक्ष घरी असतात. तू येशील असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. वही घेऊन जा, आणि चष्मा विसरू नकोस, पावत्यांवरची अक्षरं फार बारीक आहेत.

तुझी
मॅडम